कमी खाल्लं तर विसरभोळेपणा टळतो का?

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. कमी खाल्लं की अल्झायमर होत नाही, असं ऐकून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलंय. यात तथ्य आहे का?
– एक वाचक भगिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, आधी त्यांचं रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करा.

त्यांनी ऐकलं ते अगदीच निराधार नाही. न्यूयॉर्कमधल्या ९८० वृद्धांच्या पाहणीत (२००२) जास्त कॅलरी आणि जास्त स्निग्ध पदार्थ घेणाऱ्यांत अल्झायमर अधिक आढळला. मात्र एपीओई-४ हा जनुकप्रकार असलेल्यांतच हा संबंध ठळक होता. पुढे अमेरिकेत ६०४ स्थूल ज्येष्ठांवर तीन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना पालेभाज्या, बेरी, सुकामेवा यांवर भर असलेला 'माइंड' आहार दिला, उरलेल्यांना नेहमीचाच. कॅलरी दोघांच्याही थोड्या कमी केल्या. २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत लक्षणीय फरक नव्हता.

वयाचा मुद्दा फार मोलाचा आहे. चाळिशी-पन्नाशीतला लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब पुढे मेंदूला भोवतात. उतारवयात मात्र वजन घटणं हेच कधीकधी अल्झायमरचं पूर्वचिन्ह असतं, निदानाच्या काही वर्षं आधीचं. सासूबाई मुद्दाम उपाशी राहिल्या, तर ही खूण कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय या वयात स्नायू झिजतात आणि पडण्याची भीती वाढते.

आपल्याकडची खरी काळजी वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. याच्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि वेळेत उपचार झाले तर बऱ्याचदा सुधारणा होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. सासूबाई शाकाहारी असतील तर बी-१२, साखर आणि थायरॉइड यांची तपासणी करूनच घ्या.

ताटातलं कमी करायचं ते तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी. तर्रीची मिसळ आणि वर जिलबी रोज नको. एकादशीची साबुदाणा खिचडी, बटाटा, शेंगदाणे हा तर कॅलरी वाढवणाराच उपास!

सासूबाईंना रात्री मुगाची खिचडी, मेथीची भाजी, वाटीभर दही द्या. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. पोटभर जेवूनही ते उतरत राहिलं, तर डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या.