पायी पवनारला

मार्गशीर्षातील एका पहाटे आम्ही मुले गुरुजींसह सावंगी (मेघे) येथून पवनारला पायी निघालो. शिदोरीत भाकरी, झुणका आणि कांदा होता. वर्धा ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा वावरांत कपाशी फुटलेली दिसली. ऊन चढले. एका मित्राच्या टाचेला फोड आला.

"मी बसने येतो," तो म्हणाला.

गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "१९५१ साली विनोबाजी याच परिसरातून तेलंगणाकडे पायी निघाले. पोचमपल्लीस त्यांना भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दानात मिळाली. पुढे १९६४ पर्यंत ते गावोगाव चालतच राहिले."

"दिवसाला किती कोस, गुरुजी?"

"पाच-सहा तरी."

"म्हणजे आपल्याहून थोडेच अधिक, पण रोज!" असे म्हणून मित्राने टाचेला चिंधी बांधली व तो उठला.

धाम नदी दिसताच आमचा शीण पळाला. गार पाण्यात पाय सोडून आम्ही खडकांवर जेवलो. काठावरच विनोबाजींचा परमधाम आश्रम आहे. तेथील जमीन खणताना सापडलेले राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प आम्ही पाहिले. भावाला भेटावयास थेट वनात गेलेला तो भरत! मित्र त्यापुढे बराच वेळ उभा होता.

परतताना मात्र आम्ही बसने आलो. वर्धा येईपर्यंत तो गाढ झोपला होता.