वाइन टेस्टिंगच्या ग्रुप ट्रिपसाठी गाडी: ऑर्डर घेण्याआधीचा पूर्ण हिशेब

कालच्या व्हिडिओखाली बऱ्याच गाडीवाल्या भावांचा एकच प्रश्न होता: "सर, खत-बियाणे कंपनीवाले डीलर लोकांना नाशिकच्या वाइनरीला नेतात. त्या ट्रिपचं भाडं कसं लावायचं?" व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून आज सगळं लिहून देतो. वही-पेन घेऊनच बसा.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गाडीचा धंदा मुख्यतः शेगाव, लोणार, लग्नं आणि देवदर्शन यांवर चालतो. टेस्टिंगची ट्रिप वेगळी आहे. देवदर्शनाहून माणसं थकून येतात, टेस्टिंगहून पिऊन येतात. या एका फरकाने वेळ, जबाबदारी, कागद आणि भाडं, सगळंच बदलतं.

आधी जागा समजून घ्या

ग्राहक फोनवर "डिस्टिलरी बघायची" म्हणतो, पण बहुतेक वेळा त्याला वाइनरी म्हणायचं असतं. वाइनरीत द्राक्षाचा रस आंबवून वाइन करतात. डिस्टिलरीत आंबवलेलं द्रव तापवून, वाफ थंड करून कडक दारू काढतात. गोव्याची काजू फेणी अशीच भट्टीवर निघते. गोव्याची ट्रिप असेल तर परराज्याचा परमिट आणि टॅक्स आला, हिशेब वेगळा झाला. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: नेमकं कुठे जायचं?

आपल्याकडून सोयीचं ठिकाण म्हणजे नाशिक. सुला कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये तिने तिथे टेस्टिंग रूम उघडली. आज गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा अशा वाइनरी जवळजवळ आहेत. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा हंगाम, तेव्हा गर्दी जास्त. शनिवार-रविवारी तर टेस्टिंगची वेळ आधी बुक केल्याशिवाय निघूच नका. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. त्या काळातल्या तारखा घेताना रस्ते आणि हॉटेल दोन्ही आधी विचारून घ्या.

"सकाळी निघू, रात्री वापस": या ऑर्डरला नाही म्हणा

ग्राहक म्हणतो, "भाऊ, एका दिवसात करून टाकू ना, हॉटेलचा खर्च वाचते." ऐकायला बरं वाटतं. आता मोजू.

मेहकरहून नाशिक एका बाजूने ३४० किमी धरू. (तुमच्या दारापासूनचं अंतर तुम्ही मोजा.) समृद्धी महामार्गाने गेलात तरी ट्रॅव्हलरचा सरासरी वेग, शहरातला रस्ता धरून, ताशी ६० च्या आसपास पडतो. म्हणजे जाऊन-येऊन ६८० किमीला साडेअकरा तास. वाइनरीत चार-पाच तास. चहा-जेवण दीड तास. झाले सतरा-अठरा तास! पहाटे ५ ला निघालेला ड्रायव्हर रात्री ११ ला घरी, तेही मागे झोपलेली किंवा गोंधळ घालणारी माणसं घेऊन.

कायदा काय म्हणत आला? २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा १९६१ प्रमाणे ड्रायव्हरचं काम दिवसाला ८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरूनही कामाचा पसारा १२ तासांच्या आत. सतरा तासांची ट्रिप यात बसतच नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. तो रस्ता सरळ आहे, गार वारा लागतो, समोर काही हालत नाही, आणि रात्री डोळा लागतो. म्हणून नियम लिहून ठेवा: टेस्टिंगची ट्रिप कमीत कमी दोन दिवसांची, आणि टेस्टिंगनंतर हायवे नाही.

दोन दिवसांचं वेळापत्रक

पहिला दिवस
- सकाळी ६:०० मेहकरहून निघणे
- वाटेत दोन हॉल्ट, दोन्ही मिळून एक तास. जागा आधीच ठरलेल्या
- दुपारी १:०० नाशिक, जेवण
- २:३० वाइनरीकडे
- ३:०० ते ५:०० वाइनरी फेरी आणि टेस्टिंग
- ६:०० हॉटेल, गाडीची चावी बंद

६ ते ६, बरोबर बारा तास, आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं आठच्या आत. रात्रीचं जेवण हॉटेलातच किंवा पायी जाता येईल तिथे ठरवा. "रात्री जरा चक्कर मारून आणा ना" याला उत्तर एकच: लोकल रिक्षा किंवा टॅक्सी.

दुसरा दिवस
- सकाळी ९:०० पंचवटी किंवा खरेदी
- ११:०० नाशिक सोडणे
- संध्याकाळी ६:३० च्या सुमारास मेहकर

मलकापूर, नांदुरा, शेगावकडच्या ग्रुपसाठी अजून एक मार्ग आहे. ही स्टेशनं मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहेत. ग्रुप रेल्वेने नाशिक रोडला उतरवा आणि तिथली लोकल गाडी लावा. तुमचं भाडं जाईल, पण नियोजनाचं कमिशन राहील. ड्रायव्हर रिकामा नसेल तेव्हा ऑर्डर सोडण्यापेक्षा हे बरं.

भाड्याचा हिशेब

१५ माणसं, १७ सीटर ट्रॅव्हलर. (सीट मोजताना ड्रायव्हरची सीट धरली आहे का, ते आरसीवर बघा.) खालचे दर उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमचे दर तुम्ही टाका.

ग्राहकाला सांगायचं:
- अंतर ६८० + नाशिकमधलं ६० = ७४० किमी × २४ रु. = १७,७६० रु.
- ड्रायव्हर भत्ता २ दिवस × ६०० = १,२०० रु.
- टोल-पार्किंग अंदाजे ३,००० रु. (पावतीप्रमाणे)
- एकूण २१,९६० रु., म्हणजे माणशी १,४६४ रु.

आपला खर्च:
- डिझेल: १० चं ॲव्हरेज, ७४ लिटर × ९२ = ६,८०८ रु.
- ड्रायव्हर पगार १,८०० + भत्ता १,२०० = ३,००० रु.
- टोल-पार्किंग ३,००० रु.

इथेच थांबलात तर वाटतं ९,१५२ रुपये सुटले. बहुतेक जण इथेच थांबतात! आणि ग्राहकाने मान वाकडी केली की दोन हजार सोडून देतात. पुढचं धरा:
- टायर, ऑइल, सर्व्हिस: ७४० × ३ = २,२२० रु.
- हप्ता, विमा, टॅक्स, फिटनेस: महिन्याला ३६,००० धरले आणि गाडी १८ दिवस चालली तर दिवसाला २,०००. दोन दिवसांचे ४,००० रु.

आता उरले २,९३२ रुपये. त्यातले दोन हजार सोडले तर दोन दिवसांच्या कामाचे, जोखमीचे आणि फोनाफोनीचे मिळाले ९३२. म्हणून घासाघीस करताना भाडं कमी करू नका, काम कमी करा. "नाशिकमधलं फिरणं काढतो, तेवढे पैसे कमी करतो" असं म्हणा. ग्राहकालाही ते पटतं.

ॲडव्हान्स किती? निदान डिझेल निघेल इतका. इथे ७,००० रु. बाकी रक्कम दुसऱ्या दिवशी नाशिक सोडण्याआधी. घरी पोचल्यावर पंधरा जणांकडून वर्गणी गोळा होत बसते आणि आपण दारात उभे राहतो.

कोटेशनवर लिहायच्याच सात ओळी

तोंडी बोललेलं टेस्टिंगनंतर कुणाला आठवत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि "मान्य" असं उत्तर घ्या.

१. ग्रुपचा एकच प्रमुख. ड्रायव्हरला सूचना फक्त तोच देईल, आणि त्या दिवशी तो स्वतः कमीत कमी घेईल.
२. गाडीत पिणं बंद. विकत घेतलेल्या बाटल्या सीलबंद, बिलासकट, डिकीत.
३. ड्रायव्हरला टेस्टिंग नाही, "एक घोट"सुद्धा नाही.
४. ठरलेल्या वेळेनंतर तासाला जादा वेटिंग किती, तो आकडा.
५. गाडी घाण झाली तर सफाईचा आकडा.
६. रद्द केलं तर ॲडव्हान्समधून किती कापणार.
७. सगळ्यांचं ओळखपत्र सोबत. वाइनरीत वयाचा पुरावा मागू शकतात. कडक दारूसाठी महाराष्ट्रात २५ वर्षांची अट आहे.

तिसऱ्या ओळीवर जरा थांबू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आग्रह करणारे ग्राहक प्रेमानेच करतात, "घे रे भाऊ, आपलाच आहेस." अशा वेळी ड्रायव्हरला एकट्याने नाही म्हणणं जड जातं. म्हणून ते नाही मालकाने आधीच कागदावर म्हणून ठेवायचं. त्याचं जेवण आणि झोपायची नीट जागाही ग्रुपच्या बुकिंगमध्येच धरा. सीटवर रात्र काढलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तुमची सगळ्यात मोठी जोखीम असतो.

तारीख आणि कागद

तारीख पक्की करण्याआधी ड्राय डे बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर आहेतच, शिवाय निवडणुकीचे दिवस आणि काही सण. सुट्टी दिसली म्हणून ग्रुप १५ ऑगस्टला निघाला, तर द्राक्षाचे वेल बघून परत.

गाडीचे कागद: परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, टॅक्स आणि प्रवाशांची यादी. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावू नका. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि मग पंधरा कुटुंबांसमोर तुम्ही एकटे.

निघताना पाच मिनिटांचं काम: आगविझवणी नळकांडं कुठे आहे, काच फोडायचा हातोडा कुठे आहे, इमर्जन्सी दार कसं उघडतं, हे ड्रायव्हरने सगळ्यांना दाखवायचं. सकाळी सगळे शुद्धीत असतात, तेव्हाच दाखवा. सोबत पाण्याचा बॉक्स, कागदी पिशव्या, उलटीच्या गोळ्या. वाइनरीतून निघताना माणसं मोजा. प्रमुखाने मोजायची, मग ड्रायव्हरने मोजायची, दोन्ही आकडे जुळले की चावी.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या गाडीचा महिन्याचा स्थिर खर्च काढा आणि त्याला खऱ्या चाललेल्या दिवसांनी भागा. हा आकडा माहीत नसेल तर कोणतंही भाडं अंदाजेच लावता आहात.
२. वरच्या सात ओळी तुमच्या भाषेत टाइप करून फोनमध्ये सेव्ह करा.
३. गेल्या तीन ट्रिपांमध्ये ड्रायव्हर सलग किती तास चालला, ते त्याच्याकडूनच विचारून लिहा. उत्तर ऐकून घ्या, रागावू नका.

एक दिवसाची ऑर्डर नाकारली तर ती दुसरा कुणी घेईल, हे खरं आहे. पण कंपनीवाला पुढच्या वर्षी पुन्हा ट्रिप काढतो, आणि तेव्हा त्याला भाड्याचा आकडा आठवत नाही, माणसं वेळेवर आणि धड घरी आली का, एवढंच आठवतं. तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात बघू: वेटिंगचे पैसे न भांडता कसे मागायचे.