इफेक्ट पेडलची वीजजोडणी : आधी मीटर, मग डाग

राजुरी, बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव हा जुन्नर तालुक्याचा पट्टा यात्रा-जत्रांचा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन सुपारी ठरवतात. आता ढोलकी-हलगीच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, इलेक्ट्रिक बेंजो व गिटारही वाजते. वरातीत आणि उरुसाच्या संदलमध्येही बेंजो पार्टी असते. गिटार किंवा बेंजोच्या आवाजाला घुमारा, पडसाद किंवा खरखरीत धार देणारी, पायाने दाबायची छोटी धातूची पेटी म्हणजे इफेक्ट पेडल. ती ऐन कार्यक्रमात बंद पडली तर वादकाच्या त्या रात्रीच्या रोजीवर परिणाम होतो.

अशी पेटी दुकानात आली की पुष्कळदा न उघडताच 'बोर्ड गेला' असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा वीज आत येते त्याच जागी असतो. मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. म्हणून त्याची रीत आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

रचना समजून घ्या

जपानच्या बॉस कंपनीने १९७७ साली आपली छोटी पेडले बाजारात आणली. आजही बहुतेक पेडले ९ व्होल्ट डीसीवर चालतात. त्यांच्या अडॅप्टरच्या पिनेचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतल्या छिद्राचा २.१ मिलिमीटर असतो. मुख्य गोष्ट अशी की यात मध्यभागी ऋण व बाहेर धन असते. घरोघरी वाय-फायच्या डब्याबरोबर येणाऱ्या अडॅप्टरमध्ये बहुधा याच्या उलट असते, शिवाय तो पुष्कळदा १२ व्होल्टचा असतो. पिन बसते, म्हणून वादक तो लावतो आणि नुकसान होते.

पेडलच्या सॉकेटला तीन पाय असतात. मधल्या काट्याचा पाय ऋण, बाहेरच्या पत्तीचा पाय धन आणि तिसरा पाय बॅटरीच्या लाल तारेचा. अडॅप्टरची पिन आत गेली की पत्ती उचलली जाऊन बॅटरी तुटते. पिन काढली की पुन्हा जोडली जाते. बॅटरीची काळी तार मात्र गिटारच्या वायरच्या जॅकमधून जाते. ती वायर लावल्याशिवाय बॅटरीवर पेडल चालू होत नाही. हे ठाऊक नसल्याने चांगले पेडलही बिघडलेले ठरते.

तपासणी

प्रथम गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारा. कोणता अडॅप्टर लावला होता? वायर हलवली की आवाज येतो-जातो काय? बॅटरीवर चालते काय?

नवी बॅटरी घालून व वायर लावून पाहा. बॅटरीवर चालते आणि अडॅप्टरवर चालत नाही, तर दोष अडॅप्टरमध्ये किंवा सॉकेटमध्ये आहे. अडॅप्टरवर चालते पण बॅटरीवर नाही, तर सॉकेटची पत्ती, बॅटरीची टोपी किंवा गिटारचा जॅक तपासा.

अडॅप्टर मोजताना मीटरची लाल तार पिनेच्या आत व काळी बाहेर लावा. योग्य अडॅप्टरवर आकड्याआधी वजा चिन्ह दिसेल. ते बरोबरच आहे. अडॅप्टर मोकळा असताना ९ व्होल्ट दाखवून भार पडताच खाली येऊ शकतो. म्हणून पेडलचे मागचे स्क्रू काढून, पेडल चालू असताना काळी तार काट्याच्या व लाल तार पत्तीच्या पायावर ठेवून पुन्हा मोजा आणि पिन हळूच हलवा. आकडा शून्यावर गेला तर पिन, वायर किंवा सॉकेट ढिले आहे. २.५ मिलिमीटर छिद्राची पिन लावली असेल तरी असेच होते. पायांवर आकडा स्थिर आहे पण बोर्डावर वीज पोचत नाही, तर ड्राय सोल्डर किंवा तुटलेला ट्रॅक समजा.

दुरुस्ती

अडॅप्टर व बॅटरी दोन्ही काढा. पायाभोवती बारीक गोल चीर दिसली तर जुने सोल्डर शोषून घ्या, जागा साफ करा आणि २५ वॅटच्या आयर्नने नवा डाग द्या. आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर ट्रॅक उखडतो. पत्तीच सैल झाली असेल तर सॉकेट बदलणे उत्तम. असे सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत व मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

उलटा अडॅप्टर लागला असेल तर सॉकेटजवळचा संरक्षक डायोड पाहा. मीटर दोन्ही बाजूंनी वाजला तर डायोडचा एक पाय सोडवून पुन्हा मोजा. शॉर्ट असेल तर १एन ४००१ डायोड जुन्याच दिशेने लावा. रेषेचे टोक धन बाजूकडे येते. अनेक पेडलांत एवढ्याने काम होते. त्यानंतरही चालले नाही तरच बोर्डाकडे वळा.

एका अडॅप्टरवर अनेक पेडले असतील तर प्रत्येकावरचे मिलिअँपिअर बेरजेत घ्या. साध्या ओव्हरड्राइव्हला १० ते २० पुरतात, डिजिटल डिलेला ५० ते १०० किंवा अधिक लागतात. अडॅप्टरची क्षमता बेरजेपेक्षा जास्तच असावी. अडॅप्टरच्या आत २३० व्होल्ट खेळतात. तो बिघडला तर न उघडता बदलावा.

व्यवहार

तपासणीचे पैसे वेगळे व आधी सांगा. काढलेला सॉकेट किंवा डायोड पुडीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. पेडलवर '९ व्होल्ट, मध्ये ऋण' अशी चिठ्ठी चिकटवा, म्हणजे तोच बिघाड पुन्हा होणार नाही. सॉकेटला फार पैसे पडत नाहीत, पण 'बोर्ड गेला' या एका खोट्या शब्दाने वादकाला नवे पेडल घ्यावे लागते, आणि त्यात हंगामाची कमाई जाते. फडातील व पार्टीतील वादक एकमेकांना दुकान सांगतात. खरे निदान करणाऱ्याकडे पुढच्या पाडव्याला ते आपणहून येतील.