व्हॉल्व्ह स्प्रिंग : जास्त कडक ती जास्त चांगली नव्हे

आखाती देशांतल्या गॅरेजमध्ये कोकणातले आणि मुंबईचे पुष्कळ कारागीर काम करतात. अमेरिकन व्ही-एट इंजिने त्यांच्या हाताखालून जातात. गिऱ्हाईक येते आणि सांगते, "मोठा कॅम घातला आहे, आता सर्वांत कडक स्प्रिंग बसवा." मिस्त्री बसवून देतो. पुढे कॅम झिजतो, नाहीतर स्प्रिंग तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर पडतो. इंजिन जाते आणि मिस्त्रीचे नावही जाते. म्हणून स्प्रिंग अंदाजाने नव्हे, हिशेबाने निवडावी.

स्प्रिंगची कामे दोन. व्हॉल्व्ह बंद असताना तो सीटवर घट्ट बसवणे आणि उघडमीट होताना टॅपेट कॅमला चिकटून ठेवणे. इंजिनाचे फेरे वाढले की व्हॉल्व्ह आवरायला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ५,५०० वरून ६,६०० फेऱ्यांवर गेलात, तर फेरे २० टक्के वाढले, पण लागणारा जोर ४४ टक्के वाढला. स्प्रिंग कमी पडली की टॅपेट कॅम सोडून उडतो, ताकद एकदम तुटते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याचा धोका असतो.

आता उदाहरण घेऊ. शेव्हरोलेचे ३५० क्यूबिक इंची इंजिन बहुतेकांना माहीत आहे. त्याची कंपनीची साधी स्प्रिंग बसवल्यावर १.७० इंच उंच राहते आणि तेव्हा सुमारे ८० पौंड दाब देते. १.२५ इंचापर्यंत दाबली की सुमारे २०० पौंड. म्हणजे ०.४५ इंचात १२० पौंड वाढले. दर इंचाला साधारण २६७ पौंड झाले.

समजा, नव्या कॅमची उचल ०.३३३ इंच आहे. रॉकरचे प्रमाण १.५, म्हणून व्हॉल्व्ह ०.५०० इंच उघडेल आणि स्प्रिंग १.२० इंचावर येईल. तिचे वेढे एकमेकांना टेकण्याची उंची मोजून १.१५ इंच भरली, तर शिल्लक जागा फक्त ०.०५० इंच, म्हणजे ५० थाऊ. निदान ६० थाऊ हवी. ही स्प्रिंग या कॅमला चालणार नाही.

येथे काहीजण दाब वाढवण्यासाठी खाली ६० थाऊची शिम घालतात. दाब १६ पौंडांनी वाढतो खरा, पण ५० थाऊ जागेतून ६० थाऊ गेले. व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याआधीच वेढे टेकतील आणि पुशरॉड वाकेल.

उलट, गरजेपेक्षा कडक स्प्रिंगही नुकसानच करते. रोलर नसलेल्या साध्या टॅपेटच्या कॅमवर जादा दाब आला की कॅमची धार खाल्ली जाते. दुहेरी स्प्रिंग असेल, तर नवा साधा कॅम रुळेपर्यंत आतली स्प्रिंग काढून ठेवावी. व्हॉल्व्ह आणि रिटेनर हलके असले, तर कमी दाबातही जास्त फेरे मिळतात. वर निमुळती होणारी स्प्रिंग याच कारणाने उपयोगी पडते. तिचा रिटेनर लहान आणि हलका असतो.

बसवताना एवढे पाहा :

१. कॅम बनवणाऱ्याने दिलेला बंद आणि उघडा दाब लिहून घ्या. स्प्रिंग त्याच उंचीवर टेस्टरवर तपासा.

२. प्रत्येक व्हॉल्व्हची बसवलेली उंची वेगळी मोजा. सीट घासली असेल, तर ती वाढलेली असते.

३. पूर्ण उघडल्यावर रिटेनर आणि व्हॉल्व्ह सील यांतही ६० थाऊ जागा ठेवा.

४. तारेला पकड किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नका. ओरखडा पडला की तेथूनच तार तुटते.

५. जुन्या-नव्या स्प्रिंगा मिसळू नका. पूर्ण सेट बदला.

दुकानदारांनीही "कडक स्प्रिंग" एवढे ऐकून माल देऊ नये. कॅमची उचल, रॉकरचे प्रमाण आणि बसवलेली उंची, ही तीन मापे आधी विचारावीत. गिऱ्हाईक ती सांगू शकत नसेल, तर त्याला मोजून यायला सांगावे. एक विक्री उशिरा होईल, पण त्याचे इंजिन वाचेल आणि ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दारी येईल.