नामांची वर्गवारी

मुलांनो, 'ग्रंथ', 'पोथी' आणि 'पुस्तक' हे तीन शब्द पाहा. वस्तू बहुधा एकच. पण आपण तो ग्रंथ, ती पोथी व ते पुस्तक असे म्हणतो. शेतातील कापूस पुल्लिंगी, तर ज्वारी स्त्रीलिंगी. यावरून असे दिसते की, निर्जीव वस्तूंच्या बाबतीत लिंग हा वस्तूचा गुण नसून शब्दाचा धर्म आहे. नामाचे लिंग बदलले की विशेषण व क्रियापदही बदलते : जुना ग्रंथ फाटला, जुनी पोथी फाटली, जुने पुस्तक फाटले.

सर्वच भाषा अशी विभागणी करीत नाहीत. बंगालीत मुलगा येवो वा मुलगी, क्रियापदाचे रूप एकच असते. मात्र मोजताना ती भाषा भेद करते. माणसांच्या संख्येस 'जन' व वस्तूंच्या संख्येस 'टा' जोडते. मराठीतही याची खूण आढळते. 'चार जण आले' असे आपण माणसांविषयी म्हणतो, बैलांविषयी म्हणत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मराठीच्या शेजारी कोरकू व निहाली या भाषा नांदतात. कोरकू ही मुंडा कुलातील भाषा. ती नामांचे सजीव व निर्जीव असे वर्ग मानते. सजीवांच्या नामांना दोहोंसाठी 'किन' व अनेकांसाठी 'कू' हे प्रत्यय लागतात. निर्जीवांच्या नामांना ते सहसा लागत नाहीत. 'कोरकू' या नावातही हाच 'कू' आहे. त्या नावाचा अर्थ 'माणसे' असा होतो.

निहालीचे कूळ मात्र कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. डच पंडित कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती बोलणारे लोक अवघे दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. कोरकूतील एखादे रूप विसरले गेले, तर संथाळी, मुंडारी या तिच्या भगिनींवरून त्याचा काही माग काढता येईल. निहालीला अशी भगिनी नाही. तिच्यातून जे लोपेल, ते अन्यत्र शोधून सापडणार नाही. म्हणून थोड्यांच्या मुखी असलेल्या भाषेस कोणी हीन लेखू नये.

स्वाध्याय
१. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत लिंग हा शब्दाचा धर्म आहे, हे कशावरून दिसते?
२. 'रस्ता', 'वाट' व 'घर' या शब्दांना 'मोठा' हे विशेषण योग्य रूपात लावा.
३. निहालीचे जतन विशेष अगत्याचे का आहे?