घर त्यांचं, नोटीस त्यांची, पगारही त्यांचाच

‘तुला काय, क्वार्टर आहे,’ हे मी नोकरीभर ऐकत आलो. महापालिकेच्या कर्मचारी वसाहतीतली इमारत धोकादायक ठरली की या क्वार्टरची खरी किंमत कळते. चाळीतला भाडेकरू निदान मालकाविरुद्ध पालिकेकडे धाव घेतो. आमची मालकही पालिका, नोटीस देणारीही पालिका आणि पगार देणारीही पालिकाच. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा स्थानिक प्राधिकरणाच्या जागांना लागूच नाही, त्यामुळे तोही आधार नाही.

मी पाणीखात्यात चावीवाला. आमच्या विंगेत छताचे पोपडे पडणं रोजचंच होतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात तुळईची सळई गंजून फुगली होती आणि काँक्रीट फोडून बाहेर आली होती. तक्रार केली की एक माणूस यायचा, वर सिमेंट थापायचा, चुना मारायचा आणि सही घेऊन जायचा. मग ऐन जुलैत महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची नोटीस आली: इमारत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करा. सोबत आस्थापना विभागाचं पत्र होतं: घर न सोडल्यास शिस्तभंगाची कारवाई. नोटिशीचं मला काही वाटलं नाही, ती हवीच होती. हे दुसरं पत्र मात्र अजून डाचतं. ज्यांचा जीव वाचवायचा, त्यांना कोणी अशी धमकी देतं?

पर्यायी घराचं विचारायला मी कनिष्ठ अभियंत्यांकडे गेलो. त्यांनी फाइल उघडली, तेवढ्यात फोन आला आणि ते खिडकीकडे वळले. फाइल माझ्यासमोर उघडी पडली होती. सल्लागाराचा अहवाल दोन पावसाळ्यांपूर्वीचा होता आणि त्यातही सी-१ च लिहिलं होतं. खाली टिपणी होती: ‘पर्यायी निवासस्थाने उपलब्ध नसल्याने पावसाळ्यानंतर निर्णय घ्यावा.’ त्याखाली एकापुढे एक सह्या. साहेबांचं लक्ष गेलं तसा त्यांनी कागदावर तळहात ठेवला. ‘हे अंतर्गत आहे,’ म्हणाले. त्या तुळईखाली दोन पावसाळे पोरं जेवत होती, आणि हे अंतर्गत! मी एवढंच विचारलं, ‘साहेब, आम्हाला का नाही सांगितलं?’ उत्तर आलं नाही. त्यांनी फाइल बंद करून कपाटात ठेवली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं.

मुंबईत डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ ला पहाटे कोसळली. ६१ माणसं गेली. तिथेही पालिकेचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबंच राहत होती. एवढं होऊनही आमच्यासारख्या वसाहतीचा अहवाल कपाटात पडून राहतो.

आता जे वसाहतींत राहतात त्यांच्यासाठी. इमारतीला तीस वर्षं झाली की संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. मुंबईत कलम ३५३-ब, इतर महापालिकांत २६५-अ. तुमच्या इमारतीची झाली का, हे लेखी विचारा. अहवाल मागताना माहिती अधिकाराच्या अर्जात ‘जीविताशी संबंधित माहिती, कलम ७(१)’ असं ठळक लिहा. एरवी ३० दिवसांची मुदत असते, जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांची. अहवाल हाती आला की शेवटचा शेरा बाजूला ठेवा आणि आधी चाचण्या पाहा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर यांचे आकडे आहेत, की नुसते फोटो आणि ‘पाहणी केली’ एवढंच? सी-२अ असेल तर रिकामी करून दुरुस्ती होते, सी-२ब असेल तर राहत्या घरात. हा फरक अधिकारी तोंडी सांगताना हमखास गुंडाळतात.

सगळ्यांनी एकत्र राहा, हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे दोन घरांना चांगल्या जागा मिळाल्या आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून बैठकीला यायचं सोडलं. त्यांची नावं मी लिहीत नाही.

घर सोडताना ताबापावती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. तिच्यावर तारीख, वीजमीटरचं रीडिंग आणि घेणाऱ्याचं नाव-हुद्दा हवा. स्वतःचं भाड्याचं घर बघणार असाल तर तुमचा घरभाडे भत्ता त्या तारखेपासून धरला जातो. पावती नसेल तर कार्यालय आपल्या सोयीची तारीख लावतं. आमच्या मजल्यावरच्या एका सफाई कामगाराची घर सोडल्यानंतरही कित्येक महिने क्वार्टरची वजावट चालू होती. पगारपत्रक दर महिन्याला वाचा.

पर्यायी घर लांब दिलं तर कामाच्या पाळीचं पत्र जोडून लगेच हरकत नोंदवा. मला पहाटे वॉर्डात पाणी सोडायचं असतं आणि घर मिळालं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हरकतीच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या, शिपायाच्या हातात नुसता कागद देऊन येऊ नका. निवृत्तीला आलेल्यांनी तर घराची ‘ना देणे’ पावती आत्ताच मागायला सुरुवात करावी, कारण तिच्याच नावाखाली ग्रॅच्युइटी अडवली जाते. कायद्याप्रमाणे ती ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. व्याजाची मागणी अर्जात स्वतः लिहा, आपण होऊन ते कोणी देत नाही.