वाड्याला सिमेंट लावण्याआधी

"वहिनी, चुना कोण वापरतं आता? सिमेंट मारलं की कायमची कटकट मिटली." ठेकेदार हे म्हणाला तेव्हाच मी नाही म्हटलं होतं. वाईच्या आमच्या वाड्याच्या भिंती मातीत रचलेल्या विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा. पायातून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळते, सिमेंट ती कोंडतं, हे भाऊजींसमोर समजावून सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. मी पुण्याला परतले आणि मागे आतून-बाहेरून सिमेंट चढलं.

पावसाळा सरला तसा माजघरात कंबरेपर्यंत लोणा फुटला. पूर्वी ओल असायची ती वीतभर. त्यावर ठेकेदाराचा उपाय काय, तर वॉटरप्रूफ रंग! पुढे बाहेरच्या सिमेंटला केसाएवढे तडे गेले. पाणी आत शिरलं, पण बाहेर पडायला वाट नव्हती. माळ्यावरची जमीन दबते म्हणून सुताराला बोलावलं. भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी त्याने पटाशी टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. टोक भिजलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. हातभर पुढे तीच तुळई खणखणीत होती. सुतार काहीच बोलला नाही. ठेकेदार मात्र फोनवर म्हणाला, "जुनं लाकूड, कुजणारच." हे वाक्य मी विसरणार नाही. खिडक्यांच्या सागवानी चौकटीही त्याने 'वाळवी लागली' म्हणून परस्पर नेल्या. वाळवी कुणीच पाहिली नाही.

म्हणून सांगते. करारात लिहून घ्या की जुनं लाकूड, कड्या, बिजागऱ्या मालकाच्या सहीशिवाय अंगणाबाहेर जाणार नाहीत. प्रत्येक चौकटीवर नंबर घाला, फोटो काढा. चुन्याचं काम करतो म्हणणाऱ्याला त्याने केलेली, पावसाळे काढलेली भिंत दाखवायला लावा. कळीचा चुना विरवून नीट मुरवलेला हवा. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालणारे गवंडी अजून आहेत. गिलावा पातळ थरांत चढवावा लागतो आणि ओला ठेवावा लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. घाई करणारा माणूस इथे नकोच. वरून प्लास्टिक रंग लावू नका, नाहीतर चुना लावून उपयोग काय? सफेदीच करा. गिलाव्याआधी कौलं आणि पन्हळी दुरुस्त करा, भिंतीलगत चढलेली माती उपसा. आणि घरच्यांचं एकमत आधी करून घ्या.

आता सिमेंट उखडताना विटांचे कपचे निघताहेत. तुळईचं कुजलेलं टोक कापून सुताराने नवं लाकूड सांधलं. हा खर्च ठेकेदाराने नाकारला, कारण पैसे आधीच पूर्ण चुकते झाले होते, तेही मला न विचारता. तुम्ही शेवटचा हप्ता पावसाळा उलटेपर्यंत हातातच ठेवा.